मदत हवी आहे : पणजोबांची सॅपर्समधील कंपनी कशी शोधावी?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या घरी पणजोबांचे पहिल्या महायुद्धातील पदक आहे. आजीने दर दसऱ्याला चिंचेने घासून त्याच्या कडेवरचा शिपाई क्रमांक जवळपास पुसून टाकला असला, तरी '३ एस. अँड एम.', म्हणजेच 'सॅपर्स अँड मायनर्स' - खडकीचे बॉम्बे सॅपर्स हे लष्करी अभियंत्यांचे दल, एवढे भिंगातून लागते.

या दलाच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे लढल्या, तर १७ व २२ क्रमांकाच्या कंपन्या मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत शहराच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेल्या. पणजोबा 'बसऱ्याकडे पूल बांधायला होते' असे घरात सांगतात; बसराही मेसोपोटेमियातच. परंतु पहिल्या दोन कंपन्याही पुढे मेसोपोटेमियात गेल्यामुळे तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

क्रमांकाशिवाय, केवळ नाव व गावावरून खडकीच्या अभिलेखांत शोध घेता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.