लस टोचण्याआधी ‘डोळ्यात रोपण झालंय का?’ एवढं तरी विचारा

गिरगावकर: २०१९ मध्ये आईच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) बदललं. तिला दमा आहे, म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस दिली. टोचण्याआधी ताप, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं विचारलं. डोळ्याचं नाही. चौथ्या दिवशी डोळा लाल. आई म्हणाली, लोकलमध्ये खिडकीशी बसले होते, कचरा गेला असेल. दोन दिवस आम्ही गुलाबपाणी घालत बसलो! डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रिजेक्शन, म्हणजे शरीराने ते परकं बुबुळ नाकारणं, सुरू झालं होतं. मग तासातासाला स्टेरॉइडचे थेंब, रात्री गजर लावून. डोळा वाचला. लसीनेच झालं असं माझं म्हणणं नाही. आधी कुणी सावध केलं असतं तर ते दोन दिवस वाया गेले नसते.

शीव_पूर्व: पटलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. रोपण केलेलं बुबुळ लस न घेताही वर्षांनंतर बिघडू शकतं. तुम्ही दारातच असा प्रश्न विचारलात की म्हातारी माणसं घाबरून परत जाणार. दम्याच्या माणसाला फ्लू झाला तर काय होतं, ते आमच्या घरात पाहिलंय.

गिरगावकर: २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी बुबुळ रोपण झालेल्या दोन रुग्णांच्या रिजेक्शनची नोंद छापली. एक ६६ वर्षांच्या बाई, कोविड लसीच्या पहिल्या डोसनंतर ७ दिवसांनी त्रास. दुसऱ्या ८३ वर्षांच्या, दुसऱ्या डोसनंतर ३ आठवड्यांनी, तेही दोन्ही डोळ्यांत. थेंबांनी दोघी सावरल्या. फ्लूच्या लसीनंतरच्या नोंदी तर १९८० च्या दशकापासून आहेत. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, मान्य. पण सावध करायला तेवढं पुरे नाही का?

ठाण्याची_मावशी: माझं कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी झालं. पूर्ण जाडीचं रोपण होतं, म्हणजे बुबुळाचा नुसता एक थर नाही, सगळे थर बदललेले, ते गेलं. पुन्हा नेत्रदानाची वाट पाहिली, पुन्हा टाके. मी आता कुठलीच लस घेणार नाही. मला कुणी कावळा-फांदी सांगू नये.

शीव_पूर्व: मावशी, तुमच्या बाबतीत तसं बोलायला नको होतं, चुकलं माझं. पण ‘कुठलीच नाही’ हे मला अजूनही पटत नाही.

परळचा_चष्मेवाला: डोळे तपासणं हा माझा धंदा आहे, म्हणून लिहितो. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परकं बुबुळ शरीराला सहसा खटकत नाही. लसीने प्रतिकारशक्ती जागी होते, तेव्हा ते खटकू लागत असावं, असा तर्क आहे. लाली, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, दुखणं, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चालू थेंब मनाने बंद करू नका. लस मात्र घ्या. मावशी, तुम्हीही एकदा त्यांच्याशी बोला.

गिरगावकर: गुरुवारी आईला आधी डोळे दाखवायला नेतोय, ते म्हणतील तेव्हा लस. ही चार लक्षणं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहेत. मावशी, नव्या बुबुळाने आता कितपत दिसतंय?