सहाचे अकरा केले, बाराव्या महिन्यात काय?

बाकावरचा :
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ च्या जुलैत आली; बेरोजगार तरुणांनी कार्यालयात काम करत शिकायचं, अशी ती. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिने, मग ओढूनताणून अकरा. माझ्या मते हे प्रशिक्षण नव्हेच, रिकाम्या खुर्च्या स्वस्तात भरण्याचा उद्योग आहे. आमच्याकडच्या एका कार्यालयात बी.कॉम. झालेली मुलगी आवक-जावक रजिस्टर लिहायची, झेरॉक्स आणायची आणि दुपारनंतर साहेबांच्या लॉगिनवरून कागद अपलोड करत बसायची. तिला शिकवायला कोणाला नेमलंय, हे त्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी हातात प्रमाणपत्र. ते बघून कोण उभं करतं?

रानजाई :
ज्यांच्या घरात आधीच कोणीतरी नोकरीला असतं, त्यांना रजिस्टर लिहिणं फालतू वाटतं. मी याच योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ऑफिसात होते. एक्सेल तिथे शिकले. पोषण आहाराचा हिशेब, पत्राचा मसुदा, वरच्या कार्यालयात फोनवर कसं बोलायचं, सगळं तिथलंच. त्या १०,०००मधून एसटीचा पास निघाला आणि भावाची फीसुद्धा. आता पतसंस्थेत आहे. मुलाखतीत 'आधी काय केलंत?' विचारल्यावर सांगायला काहीतरी होतं.

सरळसेवावाला :
तुमचं भलं झालं, छान. पण मुदत संपल्यावर 'कायम करा' म्हणून आंदोलनं झाली, त्याचं काय? आम्ही पुण्यात कॉट बेसिसवर राहून, एकेका फॉर्मला हजार-हजार भरून परीक्षा द्यायच्या आणि यांनी मागच्या दाराने आत?

रानजाई :
सहाचे अकरा आम्ही नाही केले. आशा लावणाऱ्याला विचारा की!

फेब्रुवारीचे तीनशे :
माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी म्हणून लावला आणि १९७७ च्या कायद्याने खेड्यातला माणूस मागेल तेव्हा काम मिळणं हा हक्क झाला. खडी फोडायला येणाऱ्याला मार्कशीट मागत नाहीत. इथे मात्र ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेल्यामुळे ज्याची शाळा सुटली, तो पोरगा दारातच अडतो. जास्त शिकलेल्याला जास्त पैसे, बारावी न झालेल्याला काहीच नाही. तुम्ही दोघं खुर्चीवरून भांडताय, त्याला तर आवारातही घेतलेलं नाही.

बाकावरचा :
हा मुद्दा माझ्या धाग्यात यायला हवा होता. म्हणूनच म्हणतो, हाच पैसा आयटीआयत घाला. वेल्डरसारख्या ट्रेडला दहावी नापासही चालतो. मशिनं नवी घ्या, निदेशकांच्या जागा भरा. हातात कसब आलं की कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

रानजाई :
कागदावर ठीक आहे. आमच्या तालुक्याच्या आयटीआयत मुली दिसतात त्या शिवणकामाला नाहीतर कोपाला, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडला. वेल्डिंगला घरचे पाठवत नाहीत, आणि शिकलीच एखादी तर गावातला गॅरेजवाला तिला कामावर ठेवतो का? शाळेच्या ऑफिसात बसायला मला घरून कोणी अडवलं नाही. माझ्यासाठी तेवढंच दार उघडं होतं.