भारतातील धोकादायक बालमजुरी खरोखरच घटत आहे का?

वाटसरू_परभणी :
नमस्कार. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी धोकादायक बालमजुरीचा आलेख काढायला बसले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार जगभरात धोकादायक कामांत अडकलेली मुले २०२० मध्ये ७ कोटी ९० लाख होती, ती २०२४ मध्ये ५ कोटी ४० लाखांवर आली. भारतापुरते पाहिले, तर २००१ च्या जनगणनेतील १ कोटी २६ लाख कामकरी मुले (५ ते १४ वयोगट) २०११ मध्ये ४३ लाख ५३ हजार झाली, असे सर्रास लिहिलेले आढळते. दहा वर्षांत दोन तृतीयांश घट झाली, हे खरे मानावे का? आणि यातली धोकादायक कामे करणारी मुले वेगळी कशी काढावीत?

आकडेमोड :
मानू नये. २००१ चा आकडा मुख्य आणि सीमांत (सहा महिन्यांहून कमी काम करणारे) अशा दोन्ही कामगारांचा आहे, तर २०११ चा तुम्ही दिलेला आकडा फक्त मुख्य कामगारांचा, म्हणजे वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांचा आहे. २०११ मध्येही सीमांत मुले धरली, तर बेरीज १ कोटी १ लाखाच्या घरात जाते आणि घट जेमतेम एक पंचमांश उरते. तीही सारखी नाही: ग्रामीण भागात संख्या उतरली, पण शहरांत ती १३ लाखांवरून २० लाखांवर गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आलेखाची रेषा २०११ वरच थांबते.

निवृत्त_निरीक्षक :
आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ‘धोकादायक’ ही जनगणनेची वर्गवारी नाही, ती बालमजुरीविरोधी कायद्याच्या अनुसूचीतून, म्हणजे त्याला जोडलेल्या यादीतून येते. १९८६ च्या या कायद्याच्या यादीत वाढ होत होत १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रिया झाल्या होत्या, आणि २००१ च्या जनगणनेतील सुमारे १२ लाख मुले या यादीतील कामांत असल्याचे श्रम मंत्रालय सांगत असे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी घातली, हे स्वागतार्हच. मात्र घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करण्याची मुभा ठेवली आणि १४ ते १८ वयोगटासाठीची धोकादायक कामे खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके आणि कारखाने अधिनियमातील घातक प्रक्रिया, एवढ्यांवर आणली. पुढच्या वर्षी अनुसूची पुन्हा विस्तारली. मोजपट्टीच अशी दोनदा बदलल्यावर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना होणार तरी कशी?

दुरुस्त कायद्यातील ‘कुटुंब’ या शब्दात काका, मामा, आत्या, मावशी हेही येतात. मी नोकरीत असताना जरीच्या कारखान्यात धाड घातली, की माळ्यावरून उतरवलेला प्रत्येक मुलगा मालकाला ‘चाचा’ म्हणून हाक मारत असे. तेव्हा त्या नात्याचा मालकाला फारसा उपयोग नव्हता. आता ते नाते खोटे ठरवण्याचे काम निरीक्षकावर येऊन पडते.

कोरडवाहू_मास्तर :
मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. वरचा ‘सीमांत’ हा शब्द वाचून राहवले नाही, कारण आमच्याकडची मुले नेमकी त्याच रकान्यात पडतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे काम सहा महिन्यांच्या आत संपते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आईवडिलांनी तोडलेल्या उसाची मोळी बांधतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतो आणि रात्री गाडी भरायची वेळ आली, की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढतो. मुलगी कोपीवर (मजुरांच्या झोपडीत) धाकट्यांना सांभाळते आणि तिला तर कोणीच कामगार म्हणत नाही. जुन्या अनुसूचीत शेतीतील ट्रॅक्टर, मळणी व कापणी यंत्रे आणि कडबाकुट्टी यांचा उल्लेख होता, हाताने चालवायच्या कोयत्याचा नव्हता. शिवाय मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी चाललेल्या कामाला घरचा उद्योग म्हणणे मला तरी पटत नाही. ज्या गावांत हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होते, तिथे मुले मागे राहतात. ते डिसेंबरात उघडले, तर तोवर पोरे फडात पोहोचलेली असतात.

वाटसरू_परभणी :
सर्वांचे आभार. मग आलेख सोडूनच द्यावा का?

आकडेमोड :
सोडू नका, त्याचे तुकडे करा. २००१ आणि २०११ साठी मुख्य व सीमांत मुले वेगवेगळी दाखवा आणि जिल्हावार पाहा. ऊसतोडीचे जिल्हे सीमांत रकान्यात किती भरतात, हे तपासण्यासारखे आहे. १५ ते १७ वयोगट श्रमबल सर्वेक्षणाच्या (रोजगाराची सरकारी नमुना पाहणी) मूळ नोंदींतून स्वतंत्र काढा आणि तो या रेषेला जोडू नका. धोकादायक कामांसाठी मात्र १९८६ ची यादी घ्यायची की २०१७ ची, हे पहिल्याच प्रकरणात सांगून मगच आकडे मांडा.