मदत हवी आहे: माझी गोळी बंद होतेय, हे गटात कसं सांगू?

भांडुपकरीण:

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी ४६ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी माझ्या लहान आतड्यातून ७ सेंटीमीटरची गाठ काढली. निदान, जिस्ट. नातेवाइकांना "पोटाचा कॅन्सर" एवढंच सांगून मोकळी होते, पण हा पोटाचा नेहमीचा कॅन्सर नव्हे. आतडं पुढे ढकलण्याचा ताल सांभाळणाऱ्या काही पेशी असतात, त्यांच्या घराण्यातला हा. दहा लाख माणसांत वर्षाला दहा-पंधरा जणांना होतो. म्हणजे अख्ख्या भांडुपात शोधायला गेले तर हाताच्या बोटांवर मोजता येतील.

निदानाआधी वर्षभर मी ॲनिमियासाठी लोहाच्या गोळ्या खात होते. लोहाने शौचाला काळं होतं हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे आतून रक्त जातंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर सगळं स्वच्छ. गाठ होती त्याच्या बरीच पुढे, दुर्बीण पोचत नाही तिथे. असो, त्यावर वेगळा धागा होईल.

ऑपरेशननंतर इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज एक, जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. गाठ मोठी आणि पेशी भराभर वाढणाऱ्या, म्हणून तीन वर्षं. ती पुढच्या महिन्यात संपताहेत. डॉक्टर म्हणाले, स्कॅन चांगला आहे, आता थांबवू.

घरी नवऱ्याने पेढे आणले. मी मात्र दोन रात्री झोपले नाही. भीती हे एक कारण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते घरी सांगता येत नाही म्हणून इथे आले.

सुरुवातीला मी एका कॅन्सर सपोर्ट गटात जात होते. बायका प्रेमळ, पण गप्पा केमोच्या, विगच्या, रेडिएशनच्या. माझे केस जागेवर, केमो झालेली नाही, खाते ती एक गोळी. एक बाई मायेनेच म्हणाल्या, "तुझं बाई सोपं आहे." त्यानंतर मी गेले नाही. त्यांचं चुकलं असं नाही, पण तिथे आपलं काही बोलावं तर आधी पंधरा मिनिटं आजार समजावून सांगायचा, आणि तोवर बोलायची इच्छाच मरते.

या गोळीचा एक चेहरा असतो. सकाळी डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखी सूज. आणि रंग उजळतो! खरंच. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात तीन बायकांनी विचारलं, कोणती क्रीम लावतेस? मी एकीला म्हटलं, "महिन्याला तीस गोळ्या, जेवणानंतर." तिने नाव लिहून घ्यायला मोबाइल काढला.

तर या चेहऱ्यावरूनच काका भेटले. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, पण माझ्याकडे बघून कुणाला काही वाटत नाही. म्हणून मी फाइल मांडीवर उघडी ठेवते, हॉस्पिटलचं नाव दिसेल अशी. त्या दिवशी विक्रोळीला एकाने हटकलंच, "तुम्हाला काय झालंय?" मी फाइल उचलणार तेवढ्यात समोरचे गृहस्थ म्हणाले, "त्यांचे डोळे बघा आणि माझे बघा. एकाच दुकानातून घेतलेत."

काका लालबागचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा जिस्ट यकृतापर्यंत गेलेला, जनुकातला बिघाडही माझ्यापेक्षा वेगळा (माझा जनुकाच्या एक्सॉन ११ या तुकड्यात, त्यांचा ९ मध्ये), त्यामुळे गोळी दुप्पट, ८०० ची. परळला उतरेपर्यंत आम्ही पायात गोळे येतात त्यावर बोलत होतो. रात्री दोनला पोटरी अशी काही आखडते की माणूस अंथरुणात उभा राहतो. ते म्हणाले, "मी बायकोला उठवत नाही, भिंतीला पाय लावून शिव्या देतो." निदानानंतर पहिल्यांदा मी या विषयावर हसले.

पुढे ओपीडीच्या रांगेत एकेक जण मिळत गेला. आता आम्ही सात आहोत. व्हॉट्सॲप गटाचं नाव 'जेवणानंतर'. काका कुणालाच नावाने हाक मारत नाहीत, स्टॉपच्या नावाने मारतात. मी 'भांडुप', एकजण 'विरार', एक 'जळगाव', ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. दर १ एप्रिलला काका सगळ्यांना गोळीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात. २०१३ साली त्याच तारखेला सुप्रीम कोर्टाने या औषधाच्या मूळ कंपनीचं पेटंट नाकारलं, म्हणून आपल्याकडे ते स्वस्तात मिळत राहिलं. लढणाऱ्यांत मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. काकांना हे सगळं तोंडपाठ.

आता मुद्दा. गणपतीच्या आधी काकांची गोळी चालेनाशी झाली. स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या निघाल्या. आता सुनिटिनिब हे दुसरं औषध चालू आहे. तळपायाची सालं निघतात, तोंड आलेलं असतं, कातडी पिवळट दिसते. गटातल्या बाकी पाचजणांची गोळी आयुष्यभराची आहे. म्हणजे ती चालतेय तोवरची. थांबणारी मी एकटीच.

डॉक्टरांनी सांगितलं त्याला आज बारा दिवस झाले. मी गटात काही बोललेले नाही. परवा काकांनी विचारलं, "भांडुप, स्कॅन काय म्हणतो?" मी लिहिलं, "ठीक." आणि फोन उलटा ठेवला.

माझे प्रश्न:

कुणाची किंवा घरातल्या कुणाची ही गोळी तीन वर्षांनी थांबवलीय का? पुढे काय झालं?

आणि गटात सांगू की नको? सांगितल्यावर गटात राहणं बरं दिसतं का? मी ॲडमिन आहे. ज्यांची गोळी थांबणार नाही त्यांच्यात, बरी झालेल्या बाईने "जेवलात का, गोळी घेतलीत का" विचारत बसायचं?

---

ठाणे_पूर्व: ताई, गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.

भांडुपकरीण: अहो, डॉक्टरच बंद करताहेत.

ठाणे_पूर्व: सॉरी, घाईत वाचलं. मग अभिनंदन!

गवतीचहा: माझ्या मामांना गुळवेलीच्या काढ्याने फार फरक पडला. कृती टाकू का?

विनासाखर: @गवतीचहा, नका टाकू, प्लीज. या गोळीबरोबर काय खाल्लेलं चालतं हेही डॉक्टरांना विचारावं लागतं. ग्रेपफ्रूट तर चालतच नाही.

भांडुपकरीण: @विनासाखर, आणि पपनस त्याच कुळातलं म्हणून आमच्या डॉक्टरांनी तेही बंद केलं. तीन गणपती गावाला जाऊन पपनसाकडे नुसतं बघत बसलेय.

---

सौ_मुलुंड:

तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. माझ्या मिस्टरांना जठराचा जिस्ट होता. तीन वर्षं गोळी, मग थांबवली. आधी एकच वर्ष द्यायचे, पण २०१२ मध्ये मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात तीन वर्षंवाले जास्त चांगले राहिले. तेव्हापासून जास्त धोका असलेल्यांना तीन वर्षं देतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

थांबल्यावर आम्हाला वाटलं होतं, फेऱ्या कमी होतील. उलट पहिली दोन वर्षं स्कॅन लवकर लवकर होते, तीन-चार महिन्यांनी. परत यायचा असेल तर बहुतेकदा या काळातच येतो, म्हणून. तुम्ही तारखा आत्ताच लिहून घ्या, "सहा महिन्यांनी बघू" वर समाधान मानू नका. आणि आला तरी तीच गोळी पुन्हा सुरू करता येते, बहुतेकांना ती पुन्हा लागू पडते. हे कळल्यावर मिस्टर पहिल्यांदा नीट जेवले. आता पाचवं वर्ष चालू आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं मला सांगता येणार नाही. आमचा असा गटच नव्हता. तुम्हाला सात माणसं मिळाली याचाच मला हेवा वाटला.

सीएमएल_वाली:

माझा आजार वेगळा, सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, पण गोळी तीच. रिपोर्ट बरीच वर्षं उत्तम होते म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून बघितली. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते: थांबवल्यावर पहिले काही महिने सांधे आणि खांदे इतके दुखले की मला वाटलं आजार हाडात शिरला. तसं नव्हतं. काहीजणांना गोळी सुटताना होतं ते, हळूहळू गेलं. तुम्हाला होईलच असं नाही, झालं तर डॉक्टरांना सांगा, पण रात्रभर गूगल करू नका.

सूज उतरली, अंगठ्या सैल झाल्या. आणि मी परत माझ्या मूळ रंगावर आले. सासूबाई म्हणाल्या, "तब्येत उतरली का गं तुझी?" :)

फ्रेंड्स ऑफ मॅक्स माहीत आहे का? सीएमएल आणि जिस्टवाल्यांचाच गट आहे, मुंबईतूनच चालतो. तिथे गोळी थांबवलेलेही भेटतील आणि दुसऱ्या-तिसऱ्या औषधावर असलेलेही. सात जणांत तुम्ही एकट्या पडताय. मोठ्या खोलीत गेलात तर तितकं वाटणार नाही.

लेक:

मला तुमच्या काकांच्या बाजूने लिहायचंय. माझ्या बाबांचा आजारही असाच क्वचित होणारा, नाव लिहीत नाही. त्यांचा एक ओपीडीतला मित्र होता. दोघं एकाच दिवसाची अपॉइंटमेंट मागून घ्यायचे आणि डबे बदलून खायचे. मग बाबांचं औषध चालेना, आणि नेमकं त्याच सुमाराला त्या काकांचं दिसणं बंद झालं. फोन नाही, मेसेज नाही. बाबांनी आठ दिवस वाट पाहिली आणि मग ठरवलं की तो गेला. आमच्या घरी दोन दिवस सुतकासारखं होतं.

चार महिन्यांनी ते मला लॅबमध्ये दिसले. ठणठणीत. मला बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "माझे रिपोर्ट नॉर्मल आले गं, तुझ्या बाबांना कुठल्या तोंडाने सांगू?"

मी घरी येऊन सांगितलं. बाबा आधी खूप हसले, मग चिडले. "गाढव आहे. मी त्याला मेलेला समजून बसलो." तुमच्या काकांना "ठीक" हा शब्द पुरणार नाही, ताई. ज्याने आयुष्यभर तिकिटं तपासली त्याला तर नाहीच.

फक्त एक करा. गटावर एकदम टाकू नका. काकांना आधी, एकट्यांना, फोनवर सांगा.

सौ_मुलुंड: @लेक, डोळ्यांत पाणी आणलंत.

सरळमार्गी: वेगळं मत मांडतो, राग मानू नये. ॲडमिनपद सोडावं. गटात राहा, पण रोजच्या गोळीची आठवण गोळी घेणाऱ्यानेच करावी. मी दारू सोडणाऱ्यांच्या गटात आहे, तिथे जो स्वतः त्यातून जातोय त्याचंच ऐकलं जातं.

लेक: @सरळमार्गी, तुमच्याकडे वीस वर्षं न प्यायलेला माणूसच सगळ्यात जास्त ऐकला जातो ना?

सरळमार्गी: हम्म. तेही खरं.

---

भांडुपकरीण:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. स्कॅनच्या तारखा मागून घेतल्या, पहिली तीन महिन्यांनीच आहे. सौ_मुलुंड, आभार. तुमच्या मिस्टरांचं पाचवं वर्ष मी वहीत लिहून ठेवलंय.

काल संध्याकाळी काकांना फोन लावला. मी इकडचं तिकडचं बोलत होते, तर तेच म्हणाले, "मुद्द्यावर ये, तोंड दुखतंय माझं." मग सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "मला वाटलं तुझा परत आला. इतके दिवस झाले, मी तुझ्या नावाने धास्तावलोय इथे."

मी रडायला लागले. ते ओरडले, "अगं, गोळी बंद होतेय ना, मग रडतेस काय?" मागून काकू विचारत होत्या, कोण गेलं, कोण गेलं.

ॲडमिनपद सोडण्याबद्दलही विचारलं. म्हणाले, विरारला दे बिनधास्त, पण तो रोज सकाळी सातला गुलाबाची फुलं टाकणार, ती तुलाच बघावी लागतील. तूर्तास ते माझ्याकडेच आहे. गटात त्यांनीच टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही: "भांडुप उतरतेय. पण पास तिचा चालू आहे." जळगावकरांनी लगेच विचारलं, "म्हणजे मरण वगैरे नाही ना?" विरारने गुलाब टाकला. एकीने अजून काहीच लिहिलेलं नाही, निळ्या खुणा दिसताहेत फक्त. तिला मी अजून काही विचारलेलं नाही. रविवारी फोन करेन म्हणते.

शेवटची गोळी २७ तारखेला. नेमकी काकांचीही त्या दिवशी ओपीडी आहे, त्यामुळे दुपारचं जेवण परळलाच, हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर. काका चहा बशीत ओतून, गार करून घेतात, त्याशिवाय घशाखाली उतरत नाही. सीएमएल_वाली, तुम्ही त्या बाजूला असाल तर या. सांधेदुखीचं तुम्ही समोर बसून सांगितलंत तर मला जास्त पटेल. डोळ्यांवरून मी ओळखणार नाही तुम्हाला आता, तेव्हा फाइल हातात ठेवा.