पटकथा-मदत: बायको नवऱ्याचा खून करते, पण पाचव्या पानानंतर गोष्ट ढेपाळते

महालचा_कट्टा (मूळ प्रश्न)

शॉर्टफिल्म २० मिनिटांची, पटकथा २१ पानांची. नागपूरच्या महाल भागातलं जुनं दुमजली घर, मे महिना. नवऱ्याचं इतवारीत धान्याचं ठोक दुकान आहे, तो राहतं घर विकायला निघालाय. बायको त्याला रात्री अकराच्या सुमारास माडीच्या जिन्यावरून ढकलते आणि सकाळी "पाय घसरला असंल" म्हणते. खाली भाडेकरू राहतात.

आत्ताची रचना: खून कोणी केला ते पान १५ पर्यंत लपवलंय. पान १६ वर पीआय (पोलीस निरीक्षक) तिला मध्यरात्री अटक करतो, पान १८ वर ती पोलीस ठाण्यात रडत सगळं कबूल करते. ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांनी पाचव्या पानावरच ओळखलं.

लपवू की सुरुवातीलाच दाखवू? पोलिसांचा भाग कुठे चुकतोय? लग्नाला सहा वर्षं झालीत असं लिहिलंय, म्हणजे सात वर्षांचा नियम लागेल ना? आणि शूटिंगला खरा कूलर चालू ठेवायचाय, तर आवाजाचं काय करायचं?

रिळवाला

दाखवून टाका. घरात दोघंच, त्यातला एक मेला, तर प्रेक्षक दुसऱ्याकडेच बघणार ना बाप्पा.

लपवायचं असेल तर आडोशाला दुसरा गुन्हा लागतो. १९६९ च्या 'इत्तेफाक'मध्ये तेच केलंय. राजेश खन्नाच्या पात्रावर स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप आहे. तो पळून एका घरात शिरतो आणि तिथे नंदा एकटी आहे. आपण रात्रभर याने बायकोला मारलं की नाही यातच अडकतो, त्यामुळे त्या घरातल्या नवऱ्याचं काय झालं हा प्रश्न उशिरा पडतो. एका संसारातला खून दुसऱ्या संसारातल्या खुनाला झाकतो. सिनेमात गाणंसुद्धा नाही, म्हणजे लक्ष दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नाही. एवढा आडोसा २० मिनिटांत उभा राहत नाही.

उलट बाजू बघा. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) सुरू होतो तोच कबुलीने: विमा एजंट ऑफिसात बसून यंत्रावर आपला गुन्हा रेकॉर्ड करतोय. कोणी केलं ते माहीत असूनही, नवऱ्याला संपवून दोघं गाडीत बसतात आणि गाडी चालूच होत नाही, तेव्हा आपलाच जीव वर-खाली होतो. प्रेक्षक गुन्हेगाराच्या बाजूने घाबरतो आणि मग स्वतःवरच चिडतो. 'अंधाधुन'मध्येही (२०१८) पियानो वाजत असताना मागे प्रेताची आवराआवर चालते. ढकलणं कमी दाखवा, नंतरचं घर आवरणं जास्त. तुमच्याकडे उलटं आहे: जिन्यावरची झटापट पाऊण पान आणि सकाळ चार ओळींत.

तुमच्या गोष्टीत खरं कमी पडतंय ते घरातल्या एका वस्तूचं काम. हिचकॉकच्या 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये (१९५४) सगळा उलगडा एका लॅचच्या किल्लीवर आहे. नवरा बायकोची किल्ली जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. मारेकरी ती घेऊन दार उघडतो आणि आत शिरण्याआधीच परत जागेवर ठेवतो. हे नवऱ्याला माहीत नाही. तो प्रेताच्या खिशातली किल्ली काढून बायकोच्या पर्समध्ये टाकतो, पण ती मारेकऱ्याच्या स्वतःच्या घराची असते. माणसं खोटं बोलतात, किल्ली मात्र त्या दारात फिरत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात अशी वस्तू शोधायला लांब जायला नको, तुमच्याच पानावर आहे: कूलर. तिचा जबाब असा ठेवा: "दहाला दोघं माडीवर झोपलो, ते कधी उठले कळलं नाही, सहाला जाग आली तेव्हा जिन्यात पडलेले दिसले." आता मे महिन्यात रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी पहाटे खाली गेलेली असणार. पंचनाम्याला सात वाजता ती काठोकाठ भरलेली दिसते. पाणी कोणी भरलं?

तिने का भरलं, त्याचंही कारण हवं. पाणी संपलं की पंपाचा आवाज बदलतो, जाळीवरून पडणारी धार थांबते, पंखा कोरडा घरघरतो. खालच्या भाडेकरूला रोजच्यापेक्षा वेगळं काही ऐकू जाऊ नये म्हणून ती पाचला उठून बादलीने भरते. रोज हे काम नवरा करत असे, एवढं दुसऱ्या पानावर एका वाक्यात पेरून ठेवा. त्याहून जास्त नको.

काळा_कोट

सात वर्षांचा नियम आधी खोडा. हुंडाबळीचं कलम (जुनं ३०४-ब, आता भारतीय न्याय संहितेचं ८०) फक्त लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या विवाहितेच्या मृत्यूला लागतं. मेला नवरा, त्यामुळे लग्नाला सहा वर्षं झाली की सोळा, काही फरक नाही. मराठी-हिंदी पटकथांमध्ये ही चूक सर्रास दिसते.

क्रम असा ठेवा. सकाळी खबर गेली की थेट ३०२ नाही. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद, आपल्याकडच्या भाषेत मर्ग. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा, मग प्रेत पीएमला (शवविच्छेदनाला) मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात. संशय पक्का झाला की खुनाचा गुन्हा. घटना १ जुलै २०२४ किंवा नंतरची असेल तर न्याय संहितेचं कलम १०३, आधीची असेल तरच जुनं ३०२. म्हणून भिंतीवर कॅलेंडर टांगणार असाल तर वर्ष बघून टांगा.

मध्यरात्रीची अटक काढाच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती लागते, आणि महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३). सकाळची अटक करा. अंगणात सडा टाकताना महिला पोलीस फाटकात उभी दिसली तर रात्रीच्या जीपपेक्षा जास्त अंगावर येईल.

पान १८ वरची कबुली कोर्टात शून्य. पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (साक्ष अधिनियम, कलम २३). त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणजे शेवट रडण्यावर बांधला तर तुमचा खटला उभाच राहत नाही.

रिळवाल्यांची टाकी मात्र कायद्यातही नीट बसते. साक्ष अधिनियमाचं कलम १०९ (जुनं १०६): जी गोष्ट खास त्या व्यक्तीलाच माहीत, तिचा खुलासा तिनेच करायचा. घराच्या चार भिंतींआड मृत्यू झाला तर आत असलेल्याने पटेल असं सांगावं लागतं. गप्प बसणं किंवा खोटं सांगणं ही परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी धरता येते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. पण सरकार पक्षाची सुरुवातीची जबाबदारी यातून सुटत नाही. नुसत्या टाकीवर जन्मठेप दाखवू नका. टाकी, पीएम आणि घराचा सौदा तिन्ही एकमेकांना टेकू देतील असं लिहा.

पीएमवाल्या डॉक्टरच्या तोंडी "मृत्यू ११ वाजून १० मिनिटांनी" हे वाक्य आहे, ते काढा. आपल्याकडे मेमध्ये रात्रीही खोली इतकी तापलेली असते की शरीर किती थंड झालं यावरून वेळ काढणं अवघड, त्यात कूलर चालू. डॉक्टर काही तासांचा पट्टाच देईल. तुम्हाला तेवढा पुरतो. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो हे खरं, पण सातच्या पंचनाम्याला अंग पायापर्यंत ताठलेलं असेल तर पाचला हाच माणूस बादली घेऊन जिना चढत होता हे पटणार नाही. "त्यांनीच भरलं असंल" ही तिची पळवाट तिथे बंद होते.

आणि एक कडू गंमत, हवी तर वापरा: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही. जे घर वाचवायला तिने हे केलं, तेच तिच्या हातून जातं. वकिलाच्या एका ओळीत येऊ द्या, भाषण नको.

डेझर्ट_कूलर

टाकीची कल्पना झकास, पण तिला एक भोक आहे: बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ). कूलरला नळाची पाइप आणि बॉल कॉक असेल तर टाकी आपोआप भरते आणि पुरावा वाहून जातो. बाहेरच्या बाजूला पाइप नाही हे सुरुवातीलाच एका शॉटमध्ये दिसू द्या. बादली, पाण्याचा मग आणि खिडकीखालचा ओला ठसा दिसला की काम झालं.

किती पाणी संपतं ते अंदाजाने लिहू नका. ज्या कूलरवर शूट करणार, तोच रात्री दहाला काठापर्यंत भरा, सकाळी सहाला लाकडी पट्टी घालून मोजा. जाळीतलं गवत जुनं असेल तर आकडा वेगळा येतो. आणि त्या रात्री लाइट गेली होती का हे पीआयने भाडेकरूला विचारायलाच हवं. लाइट गेली असेल तर पाणी उरणारच, हा बचाव वकील पहिल्या मिनिटात मांडेल.

बूम_धरणारी

खरा कूलर चालू ठेवून संवाद घेऊ नका. प्रत्येक टेकमध्ये घरघर वेगळी पडते आणि एडिटला प्रत्येक कटवर उडी ऐकू येते. संवाद कूलर बंद ठेवून घ्या. तीन आवाज वेगळे, प्रत्येकी दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा: पाणी पडत असतानाचा, पाणी संपल्यावर नुसत्या पंख्याचा, आणि बंद करताना पातं थांबेपर्यंतचा. तुमची गोष्ट दुसऱ्या आवाजावर उभी आहे, तो माडीवरून आणि खाली भाडेकरूच्या खोलीतून, दोन्हीकडून घ्या.

गडबड होते ती नटांची. कूलर बंद असला की सगळे हळू बोलायला लागतात आणि नंतर वरून आवाज टाकला की संवाद बुडतात. तालमीला कूलर चालू ठेवा, टेकला बंद करा, आणि तेवढ्याच मोठ्याने बोलायला सांगा.

टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर काळ्या चिकटपट्टीची खूण करा, सीननुसार दोन: रात्रीची आणि पंचनाम्याची. नाहीतर दुपारच्या शूटिंगमध्ये कोणीतरी गरम होतंय म्हणून कूलर लावतो, आणि पंचनाम्याच्या शॉटमध्ये टाकी अर्धी दिसते.