सहा वर्षांनी कॉलेजची फुटबॉल टीम परत उतरवायची आहे. हातात आठ आठवडे.

तालुका_जिमखाना

कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. २०१९ नंतर टीम उतरलेली नाही. आधी कोविड, मग मैदानावर खडी-वाळूचे ढीग. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नाव द्यायचं नक्की झालंय. आज जुलैचा पहिला आठवडा, पहिली मॅच सप्टेंबरमध्ये धरा.

हाताशी काय आहे: २६ पोरं, त्यातली ५ पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीमकडून खेळणारी, बाकी शाळेनंतर बूट न घातलेली. मैदान ९६ बाय ५८ मीटर, मुरमाचं. लोखंडी गोलपोस्ट जुने, जाळ्या गेलेल्या. तीन बॉल, त्यातला एक अंडाकृती.

विचारायचं ते असं. सरावाचा भार कसा चढवावा? पावसात मैदान कसं तयार करावं? आणि एका तालमीच्या टीमने पुढच्याच रविवारी फ्रेंडली खेळायला बोलावलंय. पोरं हट्टाला पेटलीत. जावं का?

डावा_विंगर

शेवटच्या प्रश्नापासून. जाऊ नका. तालमीची पोरं सीझनभर खेळलेली, तुमची सहा वर्षांनी पळणार. पहिल्या वीस मिनिटांत ईर्ष्येपोटी जो फुल स्प्रिंट मारेल त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) जाणार, आणि तो बहुधा तुमचा सगळ्यात वेगवान गडी असणार.

कारण साधं आहे. दम चार आठवड्यांच्या विश्रांतीतही उतरतो, पण सराव सुरू केला की लवकर परत येतो. स्नायूही हळूहळू तयार होतात. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, सगळ्यात मागे राहतात. तिसऱ्या आठवड्यात पोराला वाटतं आपण फिट झालो, आणि नेमकं तिथंच गाडं अडतं.

भार मोजायला यंत्र नको. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, ० ते १० मध्ये किती जड गेलं? आकडा गुणिले मिनिटं. ६५ मिनिटांचा सराव, आकडा ५, म्हणजे ३२५. आठवड्याची बेरीज वहीत. एकेकाला बाजूला घेऊन विचारा किंवा चिठ्ठीवर लिहून घ्या. घोळक्यात विचारलं की कॅप्टन जो आकडा सांगतो तोच बाकीचे पंचवीस सांगतात.

पहिला आठवडा ९०० च्या आसपास ठेवा (तीन दिवस, तासभर, आकडा ५). पुढे साधारण १०००, ११५०, १३००, १४५०, १६००, आणि सातव्यात १७०० पर्यंत. आठव्या आठवड्यात एकदम १००० वर आणा. हा शेवटचा उतार बहुतेकजण गाळतात. मॅच जवळ आली म्हणून सराव वाढवतात आणि दमलेली टीम उतरवतात.

सरावात काय घ्यायचं:

पहिले दोन आठवडे फुल स्प्रिंट नाही, लांब किक नाही, गोलवर शूटिंग नाही. पोरं तोंड वाकडं करतील. पण मैदानात पाय टाकल्या टाकल्या थंड अंगाने लांबून शॉट मारायची जी खोड असते, त्यातच मांडीचा पुढचा स्नायू आणि जांघ धरते. उपाय एकच, बॉलची पिशवी वॉर्म-अप होईपर्यंत बांधलेली ठेवा. खेळायचं ते ४ विरुद्ध ४, ३० बाय २० मीटरमध्ये, तीन मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं थांबा.

तिसरा-चौथा: चार दिवस. २०–३० मीटरची धाव, पण जोर ८५–९० टक्केच. ७ विरुद्ध ७, अर्ध्याहून थोड्या मोठ्या मैदानात. शूटिंग सुरू, एकेकाला दहा-बारा शॉटपुरतं.

पाचव्यापासून आठवड्यात दोनदा खरा स्प्रिंट, २०–३० मीटर, ४ ते ६ वेळा, दोन धावांमध्ये चालत परत. हा टाळूही नका. सरावात एकदाही पूर्ण जोराने न पळालेला पाय मॅचमध्ये पहिल्यांदा पूर्ण जोराने पळतो, तेव्हाच जातो. ११ विरुद्ध ११ पाचव्यात २५-२५ मिनिटं, सहाव्यात ३५-३५.

वॉर्म-अपला फिफाचा '११+' घ्या. खास साहित्य लागत नाही, वीस मिनिटं. आठ मिनिटं हळू धावण्याचे सहा प्रकार, दहा मिनिटं ताकद-उडी-तोल, शेवटची दोन मिनिटं जोरात पळणं. मॅचच्या दिवशी मधला भाग गाळायचा. त्या मधल्या भागातच नॉर्डिक हॅमस्ट्रिंग आहे. गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर न मोडता सावकाश पुढे झुकायचं, सुटेल तिथे हातावर पडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा, बस. पहिल्याच दिवशी पंधरा काढून घेतले तर दोन दिवस कुणी जिना उतरणार नाही आणि तिसऱ्या दिवशी सरावाला नऊ जण असतील.

फक्कीवाला

मैदानाचं मी सांगतो.

९६ बाय ५८ नियमात बसतं. लांबी ९० ते १२०, रुंदी ४५ ते ९० चालते. आंतरराष्ट्रीय मॅचचं माप वेगळं, त्याची चिंता नको.

आधी खडी. ढीग उचलले तरी बारीक कच मुरमात दबलेली राहते, आणि पाऊस पडला की वर येते. पाऊस थांबल्यावर सगळ्या २६ जणांना एका रांगेत उभं करून या टोकापासून त्या टोकापर्यंत वेचत न्या. एका दिवसात होत नाही, चार पावसांनंतर चारदा.

रोलर कधी फिरवायचा ते मुठीवर ठरवा. मूठभर मुरूम दाबायचा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर फिरवा. हाताला चिकटला तर थांबा, नाहीतर रोलरच माती उचलून खड्डे पाडेल. गोळाच झाला नाही तर पाणी मारा. (जुलैत ती वेळ येणार नाही म्हणा.) गोलसमोर आणि मधल्या वर्तुळात खळगे असतात. तिथे भर घालायची ती त्याच जातीच्या मुरमाची, पाच-पाच सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर ठोकून. काळी माती आणून टाकाल तर पावसात घसरगुंडी आणि उन्हात भेगा. मैदानाला मधून बाजूंना शेकडा एक उतार असेल तर उत्तम. तुमच्या रुंदीला मध्यरेषा कडेपेक्षा २९ सेंटीमीटर उंच येईल. एवढं यंदा जमणार नाही, निदान कडेच्या रेषेबाहेर दोन मीटर सोडून चर काढा.

आखणी. स्टीलचा टेप घ्या, नायलॉनची दोरी ताणली की लांबते. एक लांब रेषा धरा, कोपऱ्यावर खुंटी. खुंटीपासून रेषेवर १२ मीटर, आडवं ९ मीटर, त्या दोन टोकांमधलं अंतर १५ आलं तर कोपरा काटकोनात. चारही खुंट्या झाल्या की कर्ण मोजा, दोन्ही ११२.१६ मीटर यायला हवेत. पंधरा-वीस सेंटीमीटरचा फरक चालून जाईल, मीटरभर आला तर परत सुरुवात.

गोलरेषेवर कोपऱ्यापासून मापं: पेनल्टी एरियाची रेषा ८.८४ वर, गोल एरियाची १९.८४ वर, पोस्टची आतली बाजू २५.३४ वर. हे तुमच्या ५८ मीटरसाठीच, दुसऱ्या रुंदीला बदलतं. पेनल्टी एरिया आत १६.५, गोल एरिया आत ५.५, पेनल्टीचा ठिपका ११. मधलं वर्तुळ आणि पेनल्टीची कमान ९.१५ त्रिज्येची. कमानीची त्रिज्या ठिपक्यावरून धरायची. ती गोलरेषेवरून धरण्याची चूक दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मैदानावर दिसते.

रेषा एकूण ६६० मीटरच्या आसपास भरते, त्या हिशोबाने फक्की आणा. जाडी १२ सेंटीमीटरच्या वर नको. आणि फक्की म्हणून कळीचा चुना मारू नका. ओल लागली की तो तापतो, घसरून पडलेल्याची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दवाखानाच. खडूची भुकटी घ्या.

पोस्ट: जमिनीला टेकतो तिथे हातोडी वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आतून गंजलाय, कापून नवा पाइप जोडल्याशिवाय त्याखाली कुणाला उभं करू नका. आतलं माप रुंदी ७.३२, आडव्या दांडीची खालची कड जमिनीपासून २.४४. भर घातल्यावर उंची कमी होते, परत मोजा.

पेठेतला_स्टॉपर

फ्रेंडलीबाबत विंगरशी अर्धाच सहमत. पुढच्या रविवारी नकोच. पण तालमीच्या टीमला कायमचा नकार देऊ नका. गावाकडच्या पोराला चेंडू किती लवकर सोडावा लागतो हे दुसरं कुणी शिकवत नाही. सातव्या आठवड्यात बोलवा, तुमच्या मैदानावर, सकाळी, प्रेक्षकांशिवाय. २५ मिनिटांचे तीन डाव, बदली कितीही. स्कोअर लिहायचाच नाही.

तुमच्या त्या पाच जणांकडे वेगळं लक्ष द्या. ते कॉलेजचा सराव करून संध्याकाळी तालमीकडेही जाणार आणि तुम्हाला सांगणार नाहीत. वर सांगितलेल्या वहीत त्यांचा तिकडचा सरावही धरा, नाहीतर कागदावर १००० आणि अंगावर २००० असं होईल. तालमीच्या कोचला एक फोन केला की बरंच सुटतं.

रेषेबाहेरून

मोठ्या खंडानंतर परतलेल्या कॉलेज टीमची दोन ठळक उदाहरणं अमेरिकेतली आहेत. खेळ निराळा, हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल, पण टीम बांधायचं गणित तेच.

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत खेळाडूंना चोरून पैसे दिले जात होते. १९८७ चा सीझन तिथल्या क्रीडा मंडळाने रद्द केला, १९८८ चा युनिव्हर्सिटीने स्वतःच सोडला. जुने खेळाडू दुसरीकडे गेले. १९८९ मध्ये उतरले ते बहुतेक नवखे. पहिली मॅच राइस युनिव्हर्सिटीकडून ३५–६ ने हरले, ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनकडून ९५–२१. सीझन २ विजय, ९ पराभव.

दुसरी युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ॲट बर्मिंगहॅम. डिसेंबर २०१४ मध्ये टीम बंद, जून २०१५ मध्ये परत सुरू करायचा निर्णय. पण मॅच थेट सप्टेंबर २०१७ मध्ये. २०१६ चं अख्खं वर्ष नुसता सराव, एकही मॅच नाही. भरतीही विचाराने केली, दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांत आधीच खेळलेली बरीच पोरं घेतली. पहिली मॅच ३८–७ ने जिंकली, सीझन ८–५. त्यांच्यामागे देणगीदारांचा पैसा होता, तो तुमच्याकडे नाही हे खरं.

तुमच्या कामाचं यातलं एक. २६ जणांची यादी वर्षानुसार मांडा. सोळा-सतरा जण तिसऱ्या वर्षाचे निघाले तर पुढच्या जूनमध्ये तुम्ही परत शून्यावर. निवडाल त्या २२ जणांत पहिल्या वर्षाचे निदान आठ ठेवा, आज कच्चे असले तरी.

तालुका_जिमखाना

सगळ्यांचे आभार. यादी मांडली, १४ जण तिसऱ्या वर्षाचे. रविवारचं निमंत्रण पुढे ढकललं, पोरं रुसलीत. अजून दोन गोष्टी. खरेदी आधी कशाची करू? आणि गोलकीपर एकच आहे.

डावा_विंगर

बॉल. दोघांत एक, म्हणजे १२–१३, पाच नंबरचे. जमले नाहीत तर आठच्या खाली नको, रांगेत उभं राहण्यातच सराव संपतो. हवा नियमाप्रमाणे ८.५ ते १५.६ पीएसआय. मुरमावर ९–१० ठेवा, नाहीतर टप्पा गुडघ्याच्या वर जातो. पंपाची सुई कोरडी घालू नका, ग्लिसरिनचा थेंब लावा. व्हॉल्व्ह फाटतो तो कोरड्या सुईनेच. तुमचा अंडाकृती बॉल कीपरच्या सरावाला ठेवा, टप्पा कुठे जाईल सांगता येत नाही हेच त्याचं भांडवल.

मग शिनगार्ड, ते नियमाने सक्तीचेच. दोन रंगांच्या १२-१२ बिब (टीम ओळखायला वरून घालायच्या बंड्या), खुणेचे ४० कोन, कीपरचे ग्लोव्हज दोन जोड. बूट पोरं स्वतः आणतील, फक्त धातूचे सहा स्टड मुरमावर चालू देऊ नका. ओल्या मातीत रुततात, पाय अडकतो, गुडघा फिरतो. आखूड रबरी स्टडचे घ्या. जर्सी सगळ्यात शेवटी. नाव छापायला आधी टाकली की निम्मे पैसे तिथेच जातात.

दुसरा कीपर बॅकमधून काढा, हँडबॉल किंवा कबड्डी खेळलेला असेल तर बरं. कीपरला पहिले दोन आठवडे मुरमावर डाइव्ह नाही. गुडघ्यावर बसून बाजूला पडायचा सराव हॉलमध्ये मॅटवर. मग मैदानात, पण कोपर-कमरेला पॅड लावून.

पेठेतला_स्टॉपर

कागद विसरू नका. बारावीचं गुणपत्रक, यंदाच्या प्रवेशाची पावती, ओळखपत्र, फोटो, आणि पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही. एटीकेटीवाला आणि गॅप घेतलेला पोरगा आजच वेगळा काढा, त्याचं यंदाच्या परिपत्रकातल्या अटींशी ताडून बघा. अपात्र पोरगा पाच मिनिटं जरी खेळला तरी मॅच हातची जाऊ शकते.

सराव सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांकडून तपासणी. पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, हे तीन प्रश्न प्रत्येकाला. एकालाही हो आलं तर हृदयाची तपासणी होईपर्यंत बाहेर. आणि डोक्याला मार लागला तर त्या दिवशी तो परत आत जात नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

तालुका_जिमखाना

कर्ण मोजला. एक ११२.२०, दुसरा ११३.०५. मारुतीच्या देवळाकडची खुंटी उपटली, उद्या परत.

फक्कीवाला

उपटायच्या आधी ९-१२-१५ परत लावून बघायचं होतं, चूक बहुतेक वेळा पहिल्या कोपऱ्यात असते. असो. दुपारच्या उन्हात मोजू नका, स्टीलचा टेप तापला की तोही खोटं बोलतो. सकाळी घ्या.