साधा यूएसबी गेमपॅड विंडोजला दिसतो, पण नव्या गेम त्याला ओळखत नाहीत

पतंगवाला:
विंडोज १० आहे. पॅड बिननावाचा, वायरवाला. चार बटणांवर १ ते ४ आकडे आणि मधोमध 'अ‍ॅनालॉग' बटण आहे. रनमध्ये जॉय.सीपीएल टाकून उघडणाऱ्या खिडकीत सगळी बटणं पेटतात. तरीही नव्या गेममध्ये काहीच होत नाही. एका रेसिंग गेमने ओळखला, पण त्यात उजवी स्टिक आडवी हलवली की गॅस-ब्रेक लागतो. कुठला ड्रायव्हर टाकावा?

तारेवरची_कसरत:
ड्रायव्हर शोधूच नका. बटणं पेटताहेत, म्हणजे विंडोजचा स्वतःचा एचआयडी (कीबोर्ड, माउस, पॅड यांसाठीचा) ड्रायव्हर काम करतोय. अडचण भाषेची आहे. तुमचा पॅड डायरेक्टइनपुट बोलतो आणि नव्या गेम बहुधा फक्त एक्सइनपुट ऐकतात. एक्सइनपुट ही पद्धत २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर आली. तिच्यात प्रत्येक बटणाची जागा ठरलेली असते. डायरेक्टइनपुटमध्ये पॅड नुसतं 'बटण ३ दाबलं, झेड अक्ष हलला' एवढंच सांगतो, अर्थ गेमने लावायचा.

तुमच्या रेसिंग गेममध्ये हा अर्थच चुकतोय. स्वस्त पॅड उजवी स्टिक झेड आणि झेड रोटेशनवर पाठवतात. एक्सबॉक्सचा पॅड डायरेक्टइनपुटमधून वाचला तर त्याच झेडवर दोन्ही ट्रिगर (पॅडच्या पुढच्या कडेची, बोटाने ओढायची बटणं, म्हणजे एल२/आर२) एकत्र येतात. गेम एक्सबॉक्सची मांडणी धरून बसला आहे, म्हणून स्टिकला ट्रिगर समजतो.

आधी पॅडलाच एक्सइनपुट मोड आहे का ते बघा. काहींवर एक्स/डी अशी सरकती कळ असते, काहींवर होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. मोड बदलला तर जॉय.सीपीएलमध्ये नावही बदलून एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर असं येतं. 'अ‍ॅनालॉग' बटणाचा याच्याशी संबंध नाही. त्याचा दिवा बंद असला की डावी स्टिक डी-पॅडसारखी (चार दिशांच्या बटणांसारखी) वागते, एवढंच. खेळताना तो लागलेलाच ठेवा.

खटका:
मोड नसेल तर सर्वांत कमी कटकटीचा रस्ता स्टीम या गेम-दुकानाच्या अ‍ॅपचा. सेटिंग्ज, कंट्रोलर, तिथे जेनेरिक पॅडसाठी स्टीम इनपुट चालू करा आणि बटणांची मांडणी नोंदवा. स्टीमबाहेरची गेम असेल तर ती 'नॉन-स्टीम गेम' म्हणून लायब्ररीत घालून तिथूनच सुरू करा.

नोंदवताना आकडे बघू नका, जागा बघा. स्टीम 'ए' मागेल तेव्हा चौघांतलं सर्वांत खालचं बटण दाबायचं. अशा पॅडवर ते बहुतेक ३ असतं. लोक 'ए' म्हणजे १ समजून वरचं दाबतात आणि मग गेमभर उडी आणि मेनू उलटेपालटे होतात.

तारेवरची_कसरत:
स्टीम नको असेल तर एक्स३६०सीई, म्हणजे साध्या पॅडला एक्सबॉक्सचा पॅड भासवणारा प्रोग्राम. इथे आवृत्ती नीट बघा, कारण दोन पद्धतींची सरमिसळ केल्यानेच बहुतेकांचं बिघडतं. आवृत्ती ३ एक डीएलएल (गेमने सोबत उचलायची फाइल) तयार करते आणि ती गेमच्या मुख्य ईएक्सईशेजारी ठेवावी लागते. गेम ६४-बिट असेल तर डीएलएलही ६४-बिटच हवी, नाहीतर गेम उघडतच नाही किंवा पॅड दिसत नाही. आवृत्ती ४ व्हायजेम नावाच्या ड्रायव्हरने आभासी एक्सबॉक्स पॅड उभा करते, गेमच्या फोल्डरला हात लावत नाही. मी ४ च सुचवेन.

मात्र ४ मध्ये खरा आणि आभासी असे दोन्ही पॅड गेमला दिसू शकतात. एकदा खाली दाबलं की मेनू दोन घरं उतरतो, ही त्याची खूण. हिडहाइड हा पॅड लपवणारा प्रोग्राम टाकून खरा पॅड लपवा आणि त्याच्या परवानगीच्या यादीत फक्त एक्स३६०सीई ठेवा. एक्स३६०सीई चालू असताना स्टीम इनपुट बंदच हवं.

ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये मात्र आवृत्ती ३ ची डीएलएल टाकू नका. अँटी-चीट (गेममधली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) तिला छेडछाड समजू शकतं, आणि त्यासाठी खातं धोक्यात घालू नये.

पतंगवाला:
स्टीमने चालला, आभार! पण रेसिंगमध्ये गॅस एकतर शून्य नाहीतर पूर्ण. आणि स्टिक सोडली तरी गाडी किंचित डावीकडे ओढते.

खटका:
गॅसचं सॉफ्टवेअरने सुटणार नाही. अशा पॅडचे एल२/आर२ नुसते स्विच असतात, किती दाबलं ते मोजणारं आत काही नसतं. गॅस-ब्रेक उजव्या स्टिकच्या वर-खाली लावा: वर ढकलली की गॅस, खाली ओढली की ब्रेक. ती स्टिक खरोखर अ‍ॅनालॉग आहे, त्यामुळे अर्धा गॅसही देता येईल.

गाडी ओढते त्यावर उपाय डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची जी हालचाल मोजायचीच नाही तेवढा भाग. सुरुवात ८ टक्क्यांपासून करा आणि गाडी सरळ धावेपर्यंत एकेक टक्का वाढवा. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेला डाव्या स्टिकचा आकडा ३२७६७ पैकी ७८४९, म्हणजे जवळपास २४ टक्के आहे. रेसिंगला तो फार जड पडतो, बारीक वळणं हातातून जातात. २४ लाही ओढत असेल तर जॉय.सीपीएलमध्ये पॅड निवडून प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, कॅलिब्रेट करा. त्या वेळी मधल्या टप्प्यावर स्टिकला बोटही लागू देऊ नका.